एका आयरिश आडनांवाची कुळकथा

या सदरांत आजवर शब्दांच्या कुळकथा पुष्कळ सांगून झाल्या. आज एका आडनांवाची सांगावयाची आहे. आडनांव परकें आहे, आयर्लंडांतील आहे. परंतु तें निवडण्याचें निमित्त घरचें आहे. किंबहुना एका जुन्या चुकीचें तें प्रायश्चित्त आहे म्हटलें तरी चालेल.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. वर्गांत जालियनवाला बागेचा धडा चालला होता. १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसरास निःशस्त्र जमावावर गोळीबार करविणारा लष्करी अधिकारी डायर, आणि त्या वेळीं पंजाबचा कारभार पाहणारा व त्या कृत्याची पाठराखण करणारा लेफ्टनंट गव्हर्नर सर मायकेल ओड्वायर, हीं दोन नांवें मुलांच्या डोक्यांत नेहमींच एकमेकांत मिसळत. दोघांचा जन्मही एकाच, म्हणजे १८६४ सालचा. हे दोन निराळे गृहस्थ आहेत हें ठसविण्यासाठीं मीं दोन्ही नांवें फळ्यावर एकाखालीं एक लिहिलीं. तेव्हां मागच्या बांकावरचा एक मुलगा उठला व म्हणाला, "गुरुजी, खालच्या नांवाआधीं हा 'ओ' कशाला लावला आहे?"

मास्तरानें अशा वेळीं 'मला ठाऊक नाहीं, पाहून सांगतों' असें म्हणावें. मीं तसें म्हटलें नाहीं. तास संपत आला होता, आणि चाळीस मुलांसमोर 'ठाऊक नाहीं' म्हणण्याचें धैर्य त्या दिवशीं झालें नाहीं. मीं ठोकून दिलें, "इंग्रजींतील 'ऑफ' या शब्दाचें तें आंखूड रूप. आपल्याकडे गांवाच्या नांवाला 'कर' लावतात, तसाच हा प्रकार." मुलानें तें वहींत उतरून घेतलें, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यावर विश्वास ठेवला. पुढें कित्येक वर्षांनीं आयर्लंडच्या इतिहासावरील एक पुस्तक वाचीत असतां माझें उत्तर अक्षरशः खोटें होतें असें कळून आलें. तेव्हांपासून ही गोष्ट मनाला बोंचत आहे.

खरें उत्तर असें. हा 'ओ' इंग्रजी नव्हेच. तो आयरिश भाषेंतील एक स्वतंत्र शब्द आहे, आणि त्याचा अर्थ 'नातू'. त्याचें जुनें रूप 'उअ' असें होतें. लॅटिन भाषेंत आजोबाला 'आवुस्' म्हणतात. तो शब्द आणि हा आयरिश शब्द एकाच मुळापासून फुटलेले आहेत. त्याच 'आवुस्' शब्दाच्या एका लघुत्वदर्शक रूपापासून फ्रेंचमार्गें इंग्रजींतील 'अंकल' हा शब्द आला, जो आतां आपल्या घरोघरीं काका-मामांना हुसकून बसला आहे. असो. 'ओ' म्हणजे नातू आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. आयरिश आडनांवांची बहुतेक सारी इमारत या दोन खांबांवर उभी आहे.

संस्कृत व्याकरण ज्यांनीं थोडेंबहुत पाहिलें आहे त्यांना येथें गंमत वाटेल. पाणिनीनें अपत्यवाचक शब्दांचा विचार करतांना पुत्र आणि पौत्र यांत भेद केला आहे, व पौत्रापासून पुढच्या सर्व वंशजांना 'गोत्र' ही संज्ञा दिली आहे. गर्गाचा पुत्र तो गार्गि. परंतु गर्गाचा नातू व त्यापुढील वंशज तो गार्ग्य. दशरथाचा पुत्र म्हणून राम 'दाशरथि' झाला, हें आयरिश 'मॅक'चें उदाहरण. आणि गार्ग्य हें 'ओ'चें. पाणिनीच्या शास्त्रांत जशी पौत्रापासून गोत्राला सुरुवात होते, तशीच आयर्लंडांत नातवापासून आडनांवाला सुरुवात झाली. इतकेंच नव्हे, तर 'ओ' आणि 'मॅक' यांच्यापुढें येणारें पूर्वजाचें नांव नेहमीं षष्ठी विभक्तींत असतें. मूळ नांव 'ब्रीअन'. त्याची षष्ठी करतांना शेवटच्या 'न'चा उच्चार तालव्य होतो. 'ब्रीअनचा नातू' अशा दोन शब्दांचें इंग्रजांच्या तोंडीं जें रूप झालें, तें 'ओब्रायन'.

त्याच रीतीनें 'ओड्वायर' म्हणजे दुविर नांवाच्या पूर्वजाचा वंशज. आणि 'डायर' हें मात्र साधें इंग्रजी धंदेवाचक आडनांव, त्याचा अर्थ रंगारी. फळ्यावर एकाखालीं एक लिहिलेल्या त्या दोन नांवांत एका अक्षराचें नव्हे, दोन भाषांचें व दोन समाजांचें अंतर होतें. तें त्या मुलाच्या ध्यानांत आलें होतें. माझ्या आलें नाहीं.

आतां हा ब्रीअन, अथवा आपण ज्याला इंग्रजी पद्धतीनें ब्रायन म्हणूं, तो कोण? आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतांत, शॅनन नदीच्या कांठीं, दालगॅश नांवाचें एक लहानसें कुळ नांदत होतें. दहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या कुळांत ब्रायन जन्मास आला. त्याला 'बोरू' असें उपपद आहे. त्याचा वडील भाऊ ९७६ सालीं मारला गेल्यावर ब्रायननें भावाच्या वैऱ्यांचा पाडाव करून मन्स्टरचें राज्य घेतलें, किलालू गांवाजवळ किंकोरा येथें आपली राजधानी केली, आणि पुढें १००२ सालीं उत्तरेकडील प्रबळ राजानेंही त्याला सार्वभौम म्हणून मान्यता दिली. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें आयर्लंडचें सार्वभौमत्व एकाच मोठ्या राजवंशाकडे चालत आलेलें होतें. कोण कुठल्या कोपऱ्यांतील दालगॅश कुळाचा पुरुष त्या आसनावर चढला, ही त्या काळीं केवढी उलथापालथ होती! १००५ सालीं तो आर्मा येथील मठांत गेला असतां त्याच्या धर्मगुरूनें तेथील पवित्र ग्रंथांत त्याचा उल्लेख लॅटिनमध्यें 'आयरिशांचा सम्राट' असा करून ठेवला. तो ग्रंथ आजही डब्लिन येथें जतन केलेला आहे.

२३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडेचा दिवस, या दिवशीं डब्लिनजवळ क्लॉनटार्फ येथें डब्लिनचे नॉर्स लोक व लीन्स्टर प्रांताचे बंडखोर यांच्याशीं त्याची लढाई झाली. त्याचा पक्ष जिंकला. परंतु तो वृद्ध राजा, त्याचा मुलगा व नातू असे तिघेही त्या एकाच दिवशीं कामास आले. तीन पिढ्यांचा असा एका सूर्यास्ताच्या आंत शेवट झाला.

तथापि वंश संपला नाहीं, आणि आडनांवाच्या जन्माची खरी कथा येथूनच सुरू होते. ब्रायनचा दुसरा एक मुलगा डोनो हा गादीवर बसला. त्याला लोक 'मॅक ब्रायन' म्हणत. म्हणजे ब्रायनचा मुलगा. हें आडनांव नव्हे, नुसतें वर्णन होतें. त्याच्यानंतर ब्रायनचा नातू टर्लो राज्यावर आला. त्याला लोक 'ओब्रायन' म्हणत. हेंही वर्णनच, कारण तो खरोखरीच ब्रायनचा नातू होता. टर्लो १०८६ सालीं वारला व त्याचा मुलगा मर्टो राजा झाला. हा ब्रायनचा पणतू. परंतु त्यालाही लोक 'ओब्रायन'च म्हणत राहिले! ज्या क्षणीं पणतूला 'नातू' म्हटलें गेलें, त्या क्षणीं वर्णनाचें आडनांव झालें. शब्दाचा अर्थ मागें पडला व शब्द पुढें गेला. आडनांव जन्मतांना असें डोळ्यांसमोर पाहावयास मिळणें हा योग इतिहासांत फार क्वचित् येतो.

आयर्लंडांत अशीं कुळनांवें दहाव्या-अकराव्या शतकांत सर्वत्र रूढ झालीं. ९१६ सालीं मरण पावलेल्या एका सरदाराच्या नांवापुढें 'ओक्लेरी' असें कुळनांव आढळतें, व तें यूरोपांतील सर्वांत जुन्या आडनांवांपैकीं एक मानलें जातें. इंग्लंडांत बहुसंख्य सामान्य जनांना आडनांव मिळावयास त्यानंतर तीन-चार शतकें जावीं लागलीं. ज्यांच्याकडून पुढें आयरिशांनीं 'नीट आडनांवें लावण्यास' शिकावें असा कायदा झाला, त्या इंग्रजांपेक्षां आयरिशांचीं आडनांवें अशीं वडील होतीं.

आमच्या वाचक भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. 'ओ' म्हणजे नातू. मग मुलीला तें कसें लागावें? आयरिश भाषा या बाबतींत काटेकोर आहे. ब्रायन कुळांतील कन्या 'ओ' लावीत नाहीं, ती 'नी' लावते, आणि त्यापुढें 'ब'चा 'व' होऊन तिचें नांव 'नी व्रीअन' असें होतें. 'नी' हें 'वंशजाची कन्या' अशा अर्थाच्या शब्दांचें संक्षिप्त रूप आहे. लग्न होऊन त्या कुळांत आलेली सून निराळें रूप लावते, त्याचा अर्थ 'ब्रायनच्या वंशजाची पत्नी'. म्हणजे नांव ऐकतांच ती त्या घरची लेक कीं सून हें कळावें. इंग्रजी रूपांत हा सारा विवेक नाहींसा झाला. बाप, लेक, सून सारेच 'नातू' झाले. आयरिश भाषेंत लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या कित्येक स्त्रिया मात्र आजही तीं जुनीं रूपें आवर्जून वापरतात.

आतां कथेच्या दुःखाच्या भागाकडे वळूं. बाराव्या शतकाच्या अखेरच्या तिसऱ्या भागांत इंग्लंडचे नॉर्मन सरदार आयर्लंडांत उतरले, आणि राज्याबरोबर नांवांचीही लढाई सुरू झाली. गंमत अशी कीं, आरंभीं भय इंग्रजांनाच होतें. आयर्लंडांत राहिलेले इंग्रज आयरिश भाषा बोलूं लागले, आयरिश नांवें घेऊं लागले. म्हणून १३६६ सालीं किल्केनी येथें कायदे करून त्यांना इंग्रजी नांवें व इंग्रजी भाषा सोडण्याची मनाई करावी लागली. पुढें शंभर वर्षांनीं, १४६५ सालीं, उलट बाजूचा कायदा झाला. डब्लिनच्या आसपासच्या चार परगण्यांत इंग्रजांमध्यें राहणाऱ्या प्रत्येक आयरिशानें इंग्रजी आडनांव घ्यावें. तें एखाद्या गांवाचें असावें, नाहीं तर पांढरा, काळा, तपकिरी अशा रंगाचें असावें, नाहीं तर लोहार, सुतार, आचारी अशा धंद्याचें असावें. न घेतल्यास मालमत्तेचा दंड. म्हणजे राजाचा पणतू असला तरी त्यानें आपल्याला 'पांढरे' म्हणवून घ्यावें! माणसाची जमीन घेतली तर ती निदान मोजतां येते. आजोबाचें नांव काढून घेतलें त्याची मोजणी कोणत्या मापानें करावी?

ओब्रायन घराणें या परगण्यांपासून दूर, पश्चिमेकडे थोमंड नांवाच्या राज्यांत, स्वतंत्र होतें. त्यांच्या राजाला निराळी पदवीच नव्हती. त्याला नुसतें 'ओब्रायन' म्हणत, कीं तो राजा हें समजलें. परंतु १५४३ सालीं मरो ओब्रायन या राजानें ग्रीनिच येथें जाऊन आठव्या हेन्रीपुढें आपलें राज्य अर्पण केलें. हेन्रीनें तेंच राज्य त्याला जहागीर म्हणून परत दिलें, व त्याला थोमंडचा अर्ल आणि इंचिक्विनचा बॅरन केलें. राजेपणाची जुनी संज्ञा टाकून द्यावी, इंग्रजी रीतिरिवाज पाळावे, अशा अटी होत्या. सकाळीं जो 'ओब्रायन' होता तो संध्याकाळीं 'अर्ल' झाला. जमीन राहिली, गढ्या राहिल्या. गेलें तें आपलें नांव आपण धारण करण्याचें स्वातंत्र्य.

या बदलाचें फळ शंभर वर्षांनीं दिसलें. ब्रायनच्या ज्या पणतूचा, मर्टोचा, उल्लेख वर केला, त्यानें ११०१ सालीं मन्स्टरच्या राजांचें पुरातन पीठ जें कॅशेलचा खडक, तें धर्मकार्यासाठीं चर्चला दान केलें होतें. १६४७ सालीं त्याच कॅशेलवर इंग्रज पार्लमेंटच्या बाजूनें एका सेनापतीनें हल्ला केला, आश्रयास आलेल्या लोकांची कत्तल केली, आणि जाळपोळ केली. त्या सेनापतीचें नांव मरो ओब्रायन, इंचिक्विनचा सरदार. पूर्वजानें दिलेलें दान वंशजानें भ्रष्ट केलें. आयरिश लोक त्याला 'आगलाव्या मरो' अशा अर्थाच्या नांवानें ओळखूं लागले. रघुवंशांत दिलीप-रघूही आहेत आणि अग्निवर्णही आहे, हें आपण जाणतोंच. तरी अग्निवर्णानें निदान पूर्वजांचें देऊळ जाळलें नाहीं.

परंतु त्याच घराण्याची दुसरी शाखा निराळ्या वाटेनें गेली. १६९१ सालीं लिमरिकच्या तहानंतर पराभूत पक्षाचे हजारों आयरिश सैनिक फ्रान्सला निघून गेले. त्यांना 'रानहंस' असें सुंदर नांव पडलें आहे. क्लेअरचे सरदार ओब्रायन यांची पलटण त्यांत प्रसिद्ध होती. १७४५ सालीं फाँतन्वा येथें फ्रेंचांनीं इंग्रजांचा जो पराभव केला, त्यांत आयरिश ब्रिगेडचा नायक चार्ल्स ओब्रायन हा होता, व पुढें तो फ्रान्सचा मार्शल झाला. एकाच आडनांवाचे लोक एका पिढींत इंग्रजांच्या बाजूनें तर दुसऱ्या पिढींत इंग्रजांच्या विरुद्ध लढतांना दिसतात, यावरून आडनांव कुळ सांगतें, शील सांगत नाहीं, हा बोध घेण्यासारखा आहे.

मागें राहिलेल्या गरीब जनतेचें काय झालें? सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथॉलिकांवर जाचक कायदे झाले. जमीन, शिक्षण, अधिकार या सर्वांचीं दारें बंद झालीं. कचेरींत, चर्चच्या वहींत, जमीनदाराच्या दप्तरांत नांव लिहिणारा कारकून इंग्रजी जाणणारा. त्याला आयरिश उच्चार समजत नसे, आणि 'ओ' लावणें म्हणजे जुन्या राज्याचा अभिमान मिरविणें असा वास येई. हळूहळू लोकांनीं स्वतःच 'ओ' व 'मॅक' गाळावयास सुरुवात केली. ओसलिव्हनचा नुसता सलिव्हन झाला, ओकेलीचा केली झाला, ओमर्फीचा मर्फी झाला. कोठें नांवाचें भाषांतरच झालें: 'मॅक गावन', म्हणजे लोहाराचा मुलगा, याचा सरळ 'स्मिथ' झाला.

इंग्रजी लिखाणांत 'ओ'च्या पुढें वर टांगलेलें जें स्वल्पविरामासारखें चिन्ह दिसतें, तेंही याच काळाची देणगी. आयरिश भाषेंत तें चिन्ह नाहींच. तेथें 'ओ' दीर्घ आहे हें दाखविणारी एक तिरकी रेघ अक्षराच्या डोक्यावर असते. इंग्रजींत एखादें अक्षर गाळलें म्हणजे हें चिन्ह घालण्याची रीत आहे; तेव्हां येथेंही 'ऑफ'मधील कांहीं गळालें असावें अशा समजुतीला त्या चिन्हानें बळकटी दिली. म्हणजे मीं वर्गांत जें सांगितलें, तेंच त्या कारकुनांनीं शतकानुशतकें कागदावर लिहून ठेवलें होतें. चुकींत आपल्याला वडीलधारे सोबती होते, एवढेंच माझें समाधान. आणि तें फारसें अभिमानास्पद नाहीं.

१८९० सालच्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्यानें आयर्लंडांतील आडनांवांची एक गणना सिद्ध करून १८९४ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांत पहिलीं दहा आडनांवें अशीं: मर्फी, केली, सलिव्हन, वॉल्श, स्मिथ, ओब्रायन, बर्न, रायन, कॉनर आणि ओनील. ओब्रायनांचा क्रमांक सहावा, व त्यांची अदमासें संख्या ३३,४००. ही यादी नीट पाहिली तर तिच्यांत एक सबंध इतिहास सांपडतो. दहांपैकीं निदान सात नांवें मूळचीं 'ओ'कारयुक्त आयरिश नांवें होत. परंतु 'ओ' टिकला तो केवळ दोघांचा, ओब्रायन आणि ओनील यांचा. हीं दोन्ही राजघराण्यांचीं नांवें. ब्रायनची कीर्ति इतकी होती कीं, त्याच्या नांवामागचा 'नातू' पुसून टाकणें लोकांच्या जिवावर आलें असावें.

याचा अर्थ प्रत्येक ओब्रायन हा ब्रायन बोरूचा रक्ताचा वंशज, असा मात्र नव्हे. राजाच्या आश्रयाला राहणारे सेवक, कुळें, सैनिक यांनींही धन्याचें नांव घेतलें, आणि दुसऱ्या ब्रायनांपासून निघालेलीं घराणींही असावयाचीं. अलीकडे बापाकडून मुलाकडे जाणारें गुणसूत्र तपासण्याची सोय झाली आहे. तिच्यामुळें दालगॅश कुळाशीं निगडित अशी एक विशिष्ट खूण क्लेअर-लिमरिक भागांतील पुष्कळ ओब्रायनांच्या ठिकाणीं आढळली, आणि पुष्कळांच्या ठिकाणीं आढळली नाहीं. आपल्याकडेही गोत्र सांगणारे सर्वच जण ऋषींचे औरस वंशज असतात असें जुने शास्त्रकारही म्हणत नाहींत.

नांव जगभर पसरलें तें मात्र कीर्तीमुळें नव्हे, भुकेमुळें. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचें तें एकमेव अन्न. १८५२ पर्यंत दुष्काळ चालला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व त्याहून अधिक देश सोडून गेलीं. १८४१ सालीं जी लोकसंख्या ८१ लाखांवर होती, ती १८५१ सालीं ६५ लाखांवर आली. त्याच वर्षांत आयर्लंडांतून धान्य व गुरें इंग्लंडला रवाना होतच होतीं. ओब्रायनांचा जो क्लेअर परगणा, तेथें सारा थकल्यामुळें हजारों कुटुंबें घरांतून हांकलून लावलीं व त्यांचीं झोंपडीं पाडून टाकलीं. जहाजांतून निघालेल्यांपैकीं कित्येक वाटेंतच तापानें गेले. कॅनडांतील ग्रोस ईल या एका बेटावरच १८४७ सालीं पांच हजारांहून अधिक लोकांना मूठमाती द्यावी लागली. जे जगले त्यांच्याबरोबर हें आडनांव अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथें पोंचलें. एका राजाच्या नातवाचें नांव आगबोटींच्या धक्क्यांवरील हमालांच्या व घरकाम करणाऱ्या पोरींच्या नांवाला लागलें.

अमेरिकेंत हें नांव त्यापूर्वींही गेलें होतें. १७७५ सालीं, स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभींच, मेन प्रांतांतील मॅकायस गांवच्या जेरेमाया ओब्रायन यानें गांवकऱ्यांच्या सहाय्यानें एक इंग्रजी जहाज काबीज केलें. ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्यांत एक नांव विशेष आदरानें घेण्यासारखें आहे. विल्यम स्मिथ ओब्रायन हा १८०३ सालीं ब्रायनच्याच राजवंशांत, ड्रोमोलंडच्या वाड्यांत जन्मला. धर्मानें प्रॉटेस्टंट, पार्लमेंटचा सभासद, खाऊनपिऊन सुखी. परंतु दुष्काळांतील लोकांचे हाल पाहून त्यानें १८४८ सालीं इंग्रज सरकारविरुद्ध बंड पुकारलें. तें बंड एका घराभोंवतींच्या चकमकींत संपलें व त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ती बदलून काळ्या पाण्याची करण्यांत आली, व त्याला टास्मानियांत ठेवलें. १८५४ सालीं त्याची सुटका झाली. आगलाव्या मरोचें पाप जर कोणा ओब्रायननें फेडलें असेल तर तें यानें.

आपल्या देशांतही हें आडनांव परकें राहिलेलें नाहीं. कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता, आणि अनेक आयरिश आडनांवें येथील अँग्लो-इंडियन समाजांत मुरलीं. कलकत्त्याचे नील ओब्रायन (१९३४-२०१६) हे प्रश्नमंजूषेचे जाणकार व शिक्षणक्षेत्रांतील मोठे गृहस्थ. ते अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधि म्हणून लोकसभेंतही बसले. त्यांचे चिरंजीव डेरेक ओब्रायन २०११ सालीं बंगालमधून राज्यसभेवर निवडून आले. शॅननच्या कांठचा नातू असा हुगळीच्या कांठीं नांदूं लागला.

१८९३ सालीं डग्लस हाइड प्रभृतींनीं आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं गेलिक संघ स्थापन केला, आणि लोकांना आपल्या नांवांची आठवण झाली. आजोबांनीं भीतीनें गाळलेला 'ओ' नातवांनीं अभिमानानें पुन्हां लावला. सलिव्हनांचे ओसलिव्हन झाले, कॉनरांचे ओकॉनर झाले. 'ओ' म्हणजे नातू, आणि तो परत आणला तोही नातवांनींच! इतकेंही करून अडचण सरली नाहीं. हल्लींच्या संगणकांच्या जमान्यांत कित्येक यंत्रांना नांवांतील तें टांगलेलें चिन्ह चालत नाहीं. अर्ज भरतांना 'नांव अशुद्ध आहे' असा शेरा येतो. पूर्वीं जें कारकुनाला समजत नसे तें आतां यंत्राला समजत नाहीं.

त्या मुलाचा प्रश्न इतका लांबवर घेऊन गेला. तो मुलगा आतां पन्नाशीकडे झुकला असेल. कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. त्याला मुलें असतील, आणि त्यांच्याही पुस्तकांत जालियनवाला बागेचा धडा असेल. ज्या ओड्वायरच्या नांवांतच एका लुबाडलेल्या देशाची आठवण होती, त्यानें दुसऱ्या परतंत्र देशावर असा कारभार करावा, हें त्या नांवाचें दुर्दैव. परंतु तो दोष नांवाचा नव्हे, माणसाचा.

हें मासिक जर त्या मुलाच्या घरीं जात असेल, तर माझें एवढेंच सांगणें आहे: बाळा, तुझ्या त्या जुन्या वहींत 'ओ म्हणजे ऑफ' असें जें लिहिलें आहे तें खोडून टाक. तेथें 'नातू' असें लिही. आणि तुझ्या मुलानें तुला असें कांहीं विचारलें कीं जें तुला ठाऊक नाहीं, तर 'पाहून सांगतों' असें म्हणण्यास लाजूं नकोस. तुझ्या मास्तराला तेवढेंच तीन अक्षरांपलीकडचें धैर्य त्या दिवशीं झालें नाहीं.